गोल्फची काठी, गोल्फची रीत आणि पावसातला करंडक

माझा भाचा एका कंपनीत नवीनच लागला आहे. गेल्या रविवारी घरी आला तो थोडा काळजीतच. साहेबांनी त्याला पुढच्या महिन्यात गोल्फ खेळायला बोलावले आहे. "मामा, सगळा संच विकत घ्यावा लागेल काय? आणि तिथे वागायचे कसे? हसे व्हायला नको."

मी पडलो कारकून. फुटबॉलचे मैदान आणि कचेरीतले कॅरम यापलीकडे माझी मजल गेलेली नाही. आम्हा गोंयकारांच्या कानावर गोल्फ हा शब्द पडतो तो बहुतेक वेळा जमिनीच्या वादातूनच. पण भाच्याने विचारले म्हणून पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते मोठे गमतीचे निघाले. थोडे दुःखाचेही.

या खेळात फटका मारायच्या दांडक्यालाही क्लब म्हणतात आणि खेळाडूंच्या संस्थेलाही क्लबच. घोटाळा नको म्हणून मी दांडक्याला काठी म्हणतो.

खेळ स्कॉटलंडचा. १४५७ साली तिथल्या संसदेने त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागले होते. पुढे १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ बंदरातील काही प्रतिष्ठित खेळाडूंसाठी नगर परिषदेने चांदीची काठी बक्षीस म्हणून ठेवली. बक्षीस आले की भांडण आले, म्हणून त्यांनी नियम लिहून काढले. किती? फक्त १३. चेंडू पाण्यात गेला तर बाहेर काढून खेळा, पण प्रतिस्पर्ध्याला एक फटका बहाल करा, अशा थाटाचे. आज जगभर खेळतात त्या गोल्फच्या नियमांचे मूळ हे. ती पहिली स्पर्धा जॉन रॅट्रे या शल्यवैद्याने जिंकली.

तेव्हाचा चेंडू कसा होता? चामड्याच्या लहानशा पिशवीत टोपीभर उकडलेली पिसे ठासून भरायची आणि शिवून टाकायची. कसबी कारागिराच्या हातूनही दिवसाला तीन-चारच चेंडू होत. पावसात भिजला की चेंडू फुटायचा. साहजिकच हा खेळ पैसेवाल्यांचा. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू होऊ लागले. ते स्वस्त होते आणि बिघडले तर तापवून पुन्हा वळता येत. मग लोकांच्या लक्षात आले की नवा गुळगुळीत चेंडू नीट उडत नाही, फटके खाऊन चरे पडलेला जुना चेंडूच सरळ जातो. आजच्या चेंडूवर खळगे दिसतात त्याचे मूळ या अनुभवात आहे.

चेंडू ठेवायची ती लहानशी खुंटी, टी, तिचीही कथा आहे. पूर्वी मूठभर ओली वाळू घेऊन तिचा उंचवटा करायचा आणि त्यावर चेंडू ठेवायचा अशी पद्धत होती. बोस्टनचे दंतवैद्य डॉ. जॉर्ज ग्रँट यांनी १८९९ साली लाकडी टीचे पेटंट घेतले. ते कृष्णवर्णीय होते, हार्वर्डमधून शिकलेले. त्यांनी या टीचा धंदा केला नाही, आप्तमित्रांना वाटल्या. पुढे पैसा दुसऱ्यांनी केला.

काठ्यांचे म्हणाल तर लाकडी दांड्यांच्या जागी पोलादी दांडे आले, आणि एकेक खेळाडू पंचवीस-तीस काठ्या घेऊन फिरू लागला. वाहणारा अर्थातच कॅडी. शेवटी १९३८ साली अमेरिकेत आणि १९३९ साली ब्रिटनमध्ये १४ काठ्यांची मर्यादा आली. पण ही वरची मर्यादा. १४ असल्याच पाहिजेत असे कोणीही म्हटलेले नाही. भाच्याला मी सांगितले, सात-आठ काठ्यांचा जुना अर्धा संच कोणाकडून मिळाला तर घे. एक लांब फटक्याची, तीन-चार लोखंडी, एक वाळूतून चेंडू काढण्याची आणि एक भोकाजवळ हळूच ढकलण्याची, एवढ्यावर नवशिक्याचे वर्ष निघते. महागडे चेंडू घेऊ नकोस, पहिल्या दिवशी निम्मे झुडपांतच जायचे आहेत.

आता रीत. या खेळात बहुतेक वेळा पंच नसतो. आपली चूक आपणच सांगायची. १९२५ साली अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू फटक्याआधी किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते. त्याने स्वतःहून एक फटका दंड घेतला. नंतर सामना बरोबरीत सुटला आणि निर्णायक फेरीत तो एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता तर अजिंक्यपद त्याचेच होते.

बाकीची रीत साधी आहे, मागून येणाऱ्याचा विचार करण्याची. दुसरा फटका मारत असताना बोलू नये, हलू नये. त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय किंवा सावली पडू देऊ नये. उखडलेली माती पुन्हा बसवावी, हिरवळीवर चेंडू आपटून झालेला खळगा बुजवावा, वाळूत पडलेली पावले दाताळ्याने मोडावीत. चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर 'फोर' म्हणून मोठ्याने ओरडावे, तिथे लाजू नये. आपण रेंगाळत असू तर मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात.

हे सगळे वाचून मी खूश होतो. पण मग सेवसंकर 'पापवा' सेवगोलम याची हकीकत वाचली.

पापवा दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, भारतीय वंशाचा. गोऱ्यांच्या मैदानावर कॅडी म्हणून राबता राबता खेळ पाहून शिकला. काठी धरताना हात उलटे, उजवा वर आणि डावा खाली. शिकवणारा असता तर पहिल्याच दिवशी सुधारला असता. त्याच उलट्या हातांनी त्याने १९५९, १९६० आणि १९६४ साली डच ओपन जिंकली. १९६३ साली आपल्याच डर्बनमध्ये तो नाताळ ओपन जिंकला. बाहेर पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत बसले होते आणि विजेत्याला करंडक दिला तो बाहेर, पावसात. कारण वर्णभेदाच्या राजवटीत भारतीय माणसाला आत प्रवेश नव्हता. ते छायाचित्र जगभर गेले. १९६५ साली त्याने त्याच स्पर्धेत गॅरी प्लेअरला हरवले. त्यानंतर त्याला तिथल्या स्पर्धा बंद झाल्या, पासपोर्टही काढून घेतला. १९७८ साली तो गेला.

त्या इमारतीत बसलेले लोक फटक्याच्या वेळी नक्कीच शांत उभे राहिले असतील. वाळूतली पावलेही त्यांनी किंवा त्यांच्या कॅडींनी मोडली असतील. रीतीचे पान त्यांना पाठ होते. आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. भाटकाराच्या बलकावावर कोणी बसायचे आणि कोणी पायरीखाली उभे राहायचे, हे आपल्या आजोबांनाही शिकवावे लागत नव्हते.

आणखी एक गोष्ट. लीथला ते १३ नियम लिहिणारी मंडळी आज म्युअरफील्डच्या मैदानावर खेळते. स्त्रियांना सभासद करून घ्यावे की नाही यावर त्यांनी २०१६ साली मतदान केले, तेव्हा पुरेशी मते पडली नाहीत. २०१७ साली पुन्हा मतदान झाले आणि दार उघडले. नियम लिहिल्यापासून २७३ वर्षांनी.

भाच्याला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मामा, मी विचारले काय आणि तुम्ही सांगता काय!" मी म्हटले, काठी उसनी आणलीस तरी चालेल. पण तिथे गेल्यावर तुझी पिशवी उचलणाऱ्या माणसाचे नाव आधी विचार. खेळ संपल्यावर साहेबांबरोबर चहाला बसशील तेव्हा तो कुठे उभा आहे तेही बघ. त्याला चहा मिळाला की नाही हे विचारायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.