निवृत्ती कोणाची, रस्ता कोणाचा?

साठीला टेकलेल्या माणसाला हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो. मोठे घर विका, लहान घरात या, पसारा कमी करा. राहायला असे गाव निवडा जिथे भाजीबाजार, दवाखाना, वाचनालय, बसस्थानक सगळे पायी गाठता येते. मग हिंडत-फिरत, आनंदात दिवस घालवा. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत हा सल्ला फिरतो आहे. सल्ला वाईट नाही. पण देणाऱ्याने तीन गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या असतात. एक, काम थांबवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. दोन, लहान करण्याजोगे मोठे घर तुमच्याकडे आहे. तीन, रस्त्यावरून चालायला तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही.

या तिन्ही गोष्टी आपल्या समाजाला वारशात मिळालेल्या नाहीत. त्या लढून मिळवल्या आणि अजून पुरत्या हाती आलेल्या नाहीत. लातूर, नांदेड, पुण्यात नोकरी करून निवृत्त झालेले आपले शिक्षक, तलाठी, एस.टी.चे कंडक्टर, बँकेतले कारकून आज विचारतात, रेणापूरला परतावे की शहरातच राहावे? हा प्रश्न घरगुती वाटतो. आमच्या मते तो चळवळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात शिरल्याशिवाय मिळत नाही.

वानप्रस्थ कोणासाठी होता?

निवृत्तीचा विषय निघाला की संस्कृतीचे ठेकेदार लगेच वानप्रस्थाश्रमाचा दाखला देतात. आमच्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच निवृत्तीची व्यवस्था केली होती, असे छाती फुगवून सांगतात. व्यवस्था केली होती हे खरे, पण कोणासाठी? मनुस्मृती सांगते की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाकडे वळावे. हा गृहस्थ द्विज आहे. शूद्राचे काम तीन वर्णांची सेवा करणे, आणि त्या सेवेला वयाची मर्यादा घातलेली नाही. अतिशूद्र तर या हिशेबातच नाहीत.

बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये या आश्रमव्यवस्थेची चिरफाड केली आहे. शूद्र आणि स्त्रिया यांना या चौकटीबाहेर का ठेवले, हा त्यांचा प्रश्न आहे. राज्य सरकारने १९८७ साली हा ग्रंथ छापला तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. ज्यांचे पोट दुसऱ्याच्या श्रमावर चालते त्यांनाच 'आता पुरे' म्हणता येते. ज्याच्या श्रमावर ते चालते त्याने पुरे म्हटले तर सगळी व्यवस्थाच बसते. म्हणून त्याच्यासाठी निवृत्ती नव्हती.

वतन म्हणजे मरेपर्यंतची नोकरी

हे पोथीतच राहिले असे कोणी म्हणू नये. गावगाड्यात ते रोज घडत होते. महाराचे वतन ही मानाची गोष्ट असल्यासारखे आजही काही जण बावन्न हक्कांच्या गोष्टी सांगतात. त्या हक्कांच्या मोबदल्यात काय होते? वेशीवर पहारा, सरकारी टपाल आणि सारा पोहोचवणे, अधिकाऱ्यांचे सामान वाहणे, मेलेली गुरे ओढणे, मयताची खबर गावोगाव नेणे. यातले बहुतेक काम पायांचे होते. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो, निघायचे.

मुंबई इलाख्यात १८७४ च्या वतन कायद्याने या वेठीवर सरकारी शिक्का मारला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात तो बदलण्यासाठी विधेयक आणले. त्या वेळी त्यांनी दाखवून दिले की वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधील आहे, आणि तो हजर नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला, अगदी म्हाताऱ्या बापालाही, कामाला जुंपता येते. मित्रहो, या मुद्द्यावर थांबा. मुलगा कामावर नसला की बापाला बोलावणे. म्हणजे मुलगा हाताशी आला तरी बापाची सुटका नाही. साठी नाही, सत्तरी नाही, पाय चालतात तोवर चालायचे.

रेणापूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तिथे मुंबईचा कायदा नव्हता, पण वेठ तीच होती. म्हणूनच २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले. आपल्या भागातल्या माणसांनी निवृत्तीचा पहिला धडा घेतला तो असा. वतन सोडणे म्हणजे उपाशी मरणे नव्हे, तर माणूस होणे.

चालणे: वेठ आणि हक्क

चालणे तब्येतीला चांगले, हे आपल्या आज्या-पणज्यांना सांगायची गरज नव्हती. ते आयुष्यभर चालले. प्रश्न किती चालले हा नाही. कोणाच्या हुकमाने आणि कोणत्या रस्त्याने, हा आहे. पेशवाईत अस्पृश्याला सार्वजनिक रस्त्यावरून जाताना सवर्णावर सावली पडू नये म्हणून बाजूला व्हावे लागे. पुण्यात त्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके असे. हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये नोंदवून ठेवले आहे. ज्याच्या पायांनी गावाचा निरोप गावोगाव जातो, त्याच पायांच्या खुणा पुसण्यासाठी झाडू! इतका निर्लज्ज विरोधाभास जगाच्या इतिहासात क्वचित सापडेल.

म्हणून २० मार्च १९२७ चा महाडचा दिवस फक्त पाण्याचा दिवस नाही. परिषदेच्या मंडपातून चवदार तळ्याकडे माणसे रांगेने, शिस्तीत, भर बाजारपेठेतून चालत गेली. ओंजळ तळ्यावर भरली, पण रस्ता त्याआधीच जिंकला होता. सार्वजनिक रस्ता सार्वजनिक आहे, हे सांगण्यासाठी आपल्या माणसांना मार खावा लागला. त्याच काळात केरळात वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी १९२४-२५ मध्ये सत्याग्रह चालला होता. मंदिरात जाण्याचा प्रश्न पुढचा, आधी रस्त्यावरून जाण्याचाच होता.

मराठवाड्यात हीच लढाई आपल्या डोळ्यांदेखत झाली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि गावोगावच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारले गेले. असंख्य कुटुंबे रातोरात घर सोडून तालुक्याला, जिल्ह्याला आली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नागपूरहून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आज लातूर-नांदेडच्या भीमनगरांत, सिद्धार्थनगरांत जे निवृत्त लोक राहतात, त्यांच्यातले कितीतरी त्या पळापळीतून शहरात आलेले आहेत. त्यांनी शहर निवडले ते हौसेने नव्हे.

पेन्शन ही मेहेरबानी नव्हे

म्हातारपणी काम न करता जगण्याचा हक्क जगातही उशिराच आला. जर्मनीत १८८९ मध्ये बिस्मार्कने वृद्धांसाठी विम्याचा कायदा केला, तेव्हा वयाची अट ७० होती. ब्रिटनमध्ये वृद्धांना सरकारी पेन्शन देणारा कायदा १९०८ चा. दोन्ही ठिकाणी कामगारांच्या संघटित ताकदीची धास्ती त्यामागे होती. राज्यकर्त्यांना अचानक पाझर फुटला नव्हता.

भारतात संविधानाच्या अनुच्छेद ४१ ने वार्धक्यात सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क मार्गदर्शक तत्त्वांत घातला. १९८२ मध्ये नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची बक्षिसी नाही, तो हक्क आहे. आरक्षणातून नोकरीला लागलेली आपली पिढी ५८ व्या वर्षी हारतुरे घेऊन घरी आली, तेव्हा वतनाच्या शेकडो वर्षांनंतर आपल्या घरात पहिल्यांदा कोणीतरी कायद्याने काम थांबवले. पेन्शन आपल्यासाठी नुसती रक्कम नाही, ते वतनमुक्तीचे प्रमाणपत्र आहे.

आणि नेमके तेच काढून घेतले गेले. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांची जुनी पेन्शन बंद झाली. मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे कर्मचारी त्यासाठी संपावर गेले. त्या वेळी 'पगार घेता, आणखी काय पाहिजे?' असे विचारणारे आपल्यातही निघाले. त्यांना आमचे उत्तर वर दिलेला इतिहासच आहे.

अडीचशे चौरस फूट

आता लहान घराचा मुद्दा. घर लहान करण्याचा उपदेश ऐकताना आम्हाला आपल्याच जिल्ह्यातले किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवण्यात आली. घरे किती मोठी, हे कशावर ठरले? जमिनीवर. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीनवाल्याला ७५०. कुटुंबात माणसे किती, म्हातारे किती, हा निकष नव्हता. आणि भूमिहीन कोण, हे मराठवाड्यात विचारावे लागत नाही. भूकंपाने वाडा आणि झोपडी सारखीच पाडली होती. उभारताना मात्र सातबाऱ्याने पुन्हा पायऱ्या बांधल्या. एकाचे 'लहान घर' निवडीचे असते, दुसऱ्याचे सरकारी आदेशाचे.

दुसरी गोष्ट चालण्याची. जुनी गावठाणे दाट होती, नवी गावे रुंद रस्त्यांची आणि पसरलेली झाली. तरुणाला त्याचे काही वाटत नाही. काठी टेकत चालणाऱ्या म्हातारीला दुकान लांब, दवाखाना लांब, ओळखीचे दार लांब. आज लातूरच्या कडेला प्लॉटिंग पडते तिथे बंगले बांधणाऱ्या आपल्या निवृत्त बांधवांनीही हे लक्षात घ्यावे. रिक्षाशिवाय कुठेच जाता येत नाही असे घर सत्तरीत माणसाला कोंडून घालते.

मग रेणापूरला परतायचे का?

इथे कोणी आम्हाला बाबासाहेबांचीच आठवण देईल. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे डबके, हे त्यांचे मत होते आणि आम्हाला ते आजही मान्य आहे. म्हणून 'खेड्याकडे चला' हा गांधीवादी पाढा आम्ही म्हणत नाही. पण रेणापूर हे गावगाड्याचे खेडे राहिलेले नाही. तालुक्याचे ठिकाण आहे. तहसील, पंचायत समिती, दवाखाना, बसस्थानक, शाळा, रेणा नदीचा काठ, बाजार, सगळे पायांच्या टप्प्यात. लातूर वीसेक किलोमीटरवर. याच तालुक्यात पानगावला बाबासाहेबांच्या अस्थींची चैत्यभूमी आहे आणि ६ डिसेंबरला तिथे माणसांची रीघ लागते. पेन्शन बँकेत जमा होते, त्यामुळे कोणाच्या खळ्यावर हात पसरावा लागत नाही. वतनदार बापाकडे जे नव्हते ते तुमच्याकडे आहे, म्हणजे मिंधेपणा नसलेले म्हातारपण.

मात्र परतायचे ते चौकात गप्पा ठोकायला नव्हे. बुद्ध ऐंशीव्या वर्षापर्यंत चारिका करत होते. शेवटचा प्रवासही पायी, कुशिनाऱ्याकडे. मार्च १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या नोकरदारांविषयी व्यक्त केलेली खंत आपण दर जयंतीला ऐकतो आणि मान हलवून घरी जातो. कांशीराम साहेबांनी ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ उभी केली ती कर्मचाऱ्यांनी समाजाचे देणे फेडावे म्हणून. महसूल खात्यातल्या वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित केले नसते, तर आज आपण कशाच्या आधारे वाद घातला असता? कार्यालयातला अनुभव चळवळीच्या कामी येतो तो असा.

तहसीलची भाषा तुम्हाला येते. कोणता कागद कुठे अडतो हे तुम्ही तीस वर्षे पाहिले आहे. जात पडताळणीसाठी खेटे घालणारे पोर, भारत सरकार शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेचा अर्ज भरता न येणारी मुलगी, श्रावणबाळ योजनेचे प्रकरण नामंजूर झालेली म्हातारी, यांच्यासोबत घरापासून तहसीलपर्यंत चालत जा. विहारात संध्याकाळी दोन तास ग्रंथ उघडून बसा. यासाठी दहा खोल्यांचा बंगला लागत नाही. दोन खोल्या, एक पुस्तकांचे कपाट आणि चालते पाय पुरतात.

ज्यांना निवृत्तीच नाही

शेवटी एक कडू गोष्ट. आपल्यातले पेन्शनवाले मूठभर आहेत. बहुसंख्य आजही ऊस तोडतात, सोयाबीन काढतात, गवंड्याच्या हाताखाली राबतात. त्यांच्यासाठी सरकारची योजना आहे, नाव मोठे आहे: श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. रक्कम महिना १५०० रुपये, म्हणजे दिवसाला ५०. नावात निवृत्तीवेतन आहे, पण त्या रकमेत कोणालाही निवृत्त होता येत नाही. सत्तर वर्षांची बाई खुरपे घेऊन रानात जाते तेव्हा वतन कागदावरून गेले, पाठीवरून गेले नाही, एवढेच सिद्ध होते.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जुनी पेन्शन परत द्या, आणि शेतमजुराला जगता येईल एवढे निवृत्तीवेतन हक्क म्हणून द्या. ज्यांना निवृत्ती मिळाली त्यांनी ती ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी वापरावी. पणजोबा दुसऱ्याच्या हुकमाने चालले. महाडला माणसे स्वतःच्या हक्कासाठी चालली. आता तुमचे पाय मोकळे आहेत. ते कोणासाठी चालवायचे, हे तुम्ही ठरवा.

जय भीम!