सामाजिक बातमी संकेतस्थळांद्वारे संकेतस्थळाची प्रसिद्धी

सामाजिक बातमी संकेतस्थळांद्वारे प्रसिद्धी म्हणजे, ज्या संकेतस्थळांवर सदस्यच दुवे सुचवतात व मतदानाने त्यांचा क्रम ठरवतात, तेथे आपल्या संकेतस्थळाचा दुवा देऊन वाचक मिळवण्याची पद्धत होय. या पद्धतीत जाहिरातीचा खर्च नसतो. मात्र दुवा वर जाणार की नाही, हे इतर सदस्यांच्या पसंतीवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९९७ मध्ये सुरू झालेल्या स्लॅशडॉटवर वाचक बातम्या सुचवत, पण निवड संपादक करत. डिग (२००४) आणि रेडिट (२००५) यांनी हा अधिकार सदस्यांच्या मतांकडे सोपवला. हॅकर न्यूज २००७ मध्ये सुरू झाले. या संकेतस्थळांच्या मुखपृष्ठावर दुवा झळकताच लहान संकेतस्थळावर एकाच वेळी हजारो वाचक येत व त्याचा सर्व्हर बंद पडे. या प्रकाराला ‘स्लॅशडॉट परिणाम’ असे नाव पडले.

क्रम ठरवण्याची पद्धत

दुव्याचा क्रम सामान्यतः मते आणि नोंदीचे वय या दोहोंवरून ठरतो. रेडिटची संगणक-संहिता २००८ ते २०१७ या काळात खुली होती. तिच्यातील सूत्रानुसार अनुकूल मतांतून प्रतिकूल मते वजा करून येणारा आकडा दहापट झाल्याचा लाभ आणि नोंद साडेबारा तास नवी असल्याचा लाभ समान धरला जाई. त्यामुळे पहिल्या १० मतांइतकेच महत्त्व मिळवण्यास नंतर आणखी ९० मते लागत. आरंभीच्या तासांत वाचक उपस्थित असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

उपयोग

जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या स्थानिक संकेतस्थळांना ही पद्धत सोयीची असते. उदाहरणार्थ, लातूर जिल्ह्यातील औसा येथील भुईकोट किल्ला किंवा त्याच तालुक्यातील खरोसा लेणी यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळाला सर्वसाधारण वाचकसमूहापेक्षा इतिहास, दुर्ग किंवा महाराष्ट्र या विषयांच्या समूहात योग्य वाचक मिळण्याची शक्यता अधिक असते. मुखपृष्ठाऐवजी किल्ल्याचा नकाशा किंवा लेण्यांची छायाचित्रे असलेल्या विशिष्ट पानाचा दुवा देणे, शीर्षकात पानावर खरोखर काय आहे ते सांगणे आणि वाचकांच्या शंकांना उत्तरे देणे, या गोष्टी उपयुक्त ठरतात. मोबाइलवर पान लवकर उघडणेही आवश्यक असते, कारण असे वाचक क्षणभर पाहून परत जातात.

मराठीतील स्वरूप

मराठीत केवळ मतदानावर चालणाऱ्या बातमी संकेतस्थळांपेक्षा चर्चा आणि लेखन यांवर आधारलेल्या संकेतस्थळांची परंपरा अधिक दृढ आहे. मायबोली (१९९६), मनोगत व मिसळपाव ही त्यांची उदाहरणे होत. येथे मतांपेक्षा प्रतिसादांना महत्त्व असते. मराठीब्लॉग्स.नेट हे संकेतस्थळ मराठी अनुदिन्यांवरील नव्या नोंदींचे दुवे एकत्र दाखवत असे. त्यामुळे एरवी विखुरलेल्या लेखकांना वाचक मिळत.

गैरवापर आणि निर्बंध

अनेक खाती उघडून स्वतःलाच मते देणे, परिचितांकडून ठरवून मते घेणे किंवा मते विकत घेणे यांना बहुतेक संकेतस्थळांवर मनाई आहे. असे आढळल्यास खाते बंद केले जाते, काही वेळा त्या संकेतस्थळाचे सर्व दुवे रोखले जातात. रेडिटच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांनुसार सदस्याच्या दहा नोंदींपैकी फार तर एक स्वतःच्या संकेतस्थळाची असावी, असा संकेत होता. मोबदला घेऊन केलेली शिफारस जाहिरात म्हणून स्पष्ट दाखवावी, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ मधील मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे.

मर्यादा

या मार्गाने येणारी गर्दी बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते. शोधयंत्रातील क्रमावरही थेट परिणाम मर्यादित असतो. जानेवारी २००५ मध्ये गूगलने ‘नोफॉलो’ ही खूण जाहीर केली. ती लावलेला दुवा शिफारस म्हणून मोजला जात नसे. २०१९ मध्ये सदस्यांनी दिलेल्या आणि पैसे देऊन मिळवलेल्या दुव्यांसाठी स्वतंत्र खुणा आल्या.

एकाच मंचावर विसंबणेही जोखमीचे असते. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने केलेला मोठा बदल सदस्यांना रुचला नाही. त्यांनी निषेध म्हणून मुखपृष्ठावर रेडिटचे दुवे वर आणले व अनेकजण तिकडे वळले. २०१२ मध्ये डिगची विक्री झाली. स्टंबलअपॉन ही दुवे सुचवणारी सेवा जून २०१८ मध्ये बंद झाली. अशा मंचांकडून वाचक मिळवणाऱ्या संकेतस्थळांचा तो स्रोतही त्याबरोबर आटला. त्यामुळे आलेल्या वाचकांपैकी काहींना ईमेल सूचना किंवा नियमित नव्या मजकुराद्वारे स्वतःशी जोडून ठेवणे, हे या पद्धतीचे आवश्यक अंग मानले जाते.