त्रासदायक दावेबाजी : महाराष्ट्रातील कायदेशीर उपाय

गावाकडील जमिनीवरून एखादा नातेवाईक परदेशस्थ वारसांवर एकामागून एक दावे लावतो आणि प्रत्येक तारखेचा भुर्दंड वारसांना पडतो. अशा दावेबाजीला आळा घालणारा कायदा इंग्लंडमध्ये १८९६ साली, तर महाराष्ट्रात १९७१ साली झाला. सबळ कारण नसताना सवयीने दावे लावणाऱ्याविरुद्ध राज्याचे महाधिवक्ता उच्च न्यायालयात अर्ज करू शकतात. आदेश झाल्यास त्या व्यक्तीला न्यायालयाच्या पूर्वपरवानगीविना नवा दावा लावता येत नाही. हा अर्ज पीडिताला स्वतः करता येत नसल्याने महाधिवक्त्यांपुढे मांडण्यासाठी प्रत्येक दाव्याच्या व निकालाच्या प्रमाणित प्रती जपाव्यात. अंतिम निकाल लागलेला वाद पुन्हा उकरल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चा आधार घ्यावा.