न फुटणाऱ्या बुडबुड्याची कुळकथा

नेरुळमधल्या सारसोळ्याच्या गावठाणात बाळंतपणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘बाळानं पोटातच शी केली, घाण पाणी प्यायलं.’ काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट अशी ही पहिली शी म्हणजे मेकोनियम. खरा घात ती पोटात गेल्यानं होत नाही, फुप्फुसात गेल्यानं होतो. आणि तिथं नेमकं काय बिघडतं, हे उलगडायला साठेक वर्षं लागली.

1929 साली कुर्ट फॉन नीरगार्ड यांनी फुप्फुसात हवेऐवजी द्रव भरून पाहिला, तर ते कितीतरी कमी दाबात फुगलं. म्हणजे फुप्फुस आक्रसतं ते बऱ्याच अंशी आतल्या ओल्या पृष्ठभागाच्या ताणानं. हा शोध पाव शतक तसाच पडून राहिला.

पुढचा धागा गवसला तो विषारी वायूंच्या संशोधनात. इंग्लंडमधल्या पोर्टन डाउन इथं रिचर्ड पॅटल फुप्फुसातला फेस तपासत होते. साधा इवलासा बुडबुडा पाण्यात बघता बघता आकसून नाहीसा होतो. फुप्फुसातून पिळून काढलेला बुडबुडा मात्र तासन्‌तास तसाच टिकायचा. त्याच्यावर स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यांचा अतिशय पातळ थर होता, ताण जवळजवळ शून्यावर आणणारा. 1955 साली पॅटल यांनी हे प्रसिद्ध केलं. हाच थर म्हणजे सर्फॅक्टंट. त्याच्यामुळे श्वास सोडल्यावरही वायुकोश मिटत नाहीत.

1959 मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं, की अपुऱ्या दिवसांची बाळं दगावतात ती हा थर कमी पडल्यानं. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसापासून केलेला सर्फॅक्टंट अशा दहा बाळांना दिला आणि उपचाराची वाट उघडली.

मेकोनियमचं बाळ या सगळ्यांहून वेगळं. ते पुऱ्या दिवसांचं, कधी दिवस उलटून गेलेलं असतं. त्याच्याकडे थर असतो, पण तो मोडला जातो. मला या कथेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पूर्वी सगळा दोष नळ्या तुंबण्यावर टाकला जाई. 1987 मध्ये क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मेकोनियममधली मेदाम्लं सर्फॅक्टंटला पृष्ठभागावरून हुसकावून त्याची जागा घेतात. पित्तक्षार आणि कोलेस्टेरॉल त्याचं काम बिघडवतात, फॉस्फोलिपेज हे विकर त्यातली स्निग्ध द्रव्यंच तोडतं. वर सूज येऊन रक्तातली प्रथिनं वायुकोशात झिरपतात, तीही थराला मारक ठरतात. मेकोनियम जितकं जास्त, तितका थर निकामी. म्हणून 1996 मध्ये अमेरिकेतल्या फिंडले आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना सर्फॅक्टंट मोठ्या मात्रेत, वीस मिनिटं सावकाश सोडून दिला. बाळांच्या रक्तातलं प्राणवायूचं प्रमाण सुधारलं.

डोकं बाहेर येताच नाक-तोंड ओढून साफ करण्याची जुनी रीतही मागे पडली. 2004 मध्ये सुमारे अडीच हजार बाळांवरच्या अभ्यासात तिचा फायदा दिसला नाही. आता मरगळलेल्या बाळाला आधी श्वास दिला जातो.

नेरुळ-वाशीत रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. तेव्हा पाणमोट फुटून पाणी हिरवट दिसलं, तर कळांची वाट पाहू नका, लगेच निघा. आणि जन्मल्यावर बाळ कण्हत असेल, छाती आत ओढत असेल किंवा मिनिटाला साठाहून जास्त श्वास घेत असेल, तर ते रडलं होतं एवढ्यावर निर्धास्त न राहता डॉक्टरांना त्याच क्षणी बोलवा.