आळीपाळीचा खेळ आणि त्याची पुरवणी : ‘वेस्टलँड’ या संगणकीय खेळमालिकेचा इतिहास (१९८८–२०२१)

प्रस्तावना

सारीपाट, बुद्धिबळ यांसारखे आपल्याकडील जुने बैठे खेळ आळीपाळीने खेळले जातात. एकाची खेळी पुरी होईपर्यंत दुसऱ्याने थांबावयाचे, हा त्यांचा पहिला नियम होय. संगणकावरील खेळांचा विचार करताना हा वारसा सहसा लक्षात घेतला जात नाही. धावपळ, गोळीबार आणि बोटांची चपळाई एवढेच त्यांचे स्वरूप आहे, असा समज सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. वस्तुतः संगणकीय खेळांमध्ये आळीपाळीने खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांची एक स्वतंत्र परंपरा आहे. त्यांत खेळणारा एखाद्या पात्राची किंवा पात्रसमूहाची भूमिका स्वीकारतो, प्रत्येक पाळीला मोजक्याच कृती करू शकतो आणि त्या कृतींचे परिणाम पुढील कथेत भोगतो. या परंपरेतील विज्ञानकथात्मक शाखेचा आरंभ शोधताना १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘वेस्टलँड’ या खेळाचा विचार टाळता येत नाही.

प्रस्तुत लेखात या मालिकेचा, आणि विशेषतः तिच्या पुरवणी मजकुराचा, ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. मूळ कथेत पाळी कोणाला मिळते आणि पुरवणीत कोणाला ढकलले जाते, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासलेखनात जंगल सत्याग्रहाला जे स्थान मिळाले, ते पाहिलेल्या अभ्यासकाला तो ओळखीचा वाटेल. या कारणास्तव लेखाच्या उत्तरार्धात चिरनेरचा संदर्भ घेतला आहे.

छापील पुस्तिकेतील पुरवणी

‘वेस्टलँड’ हा खेळ ‘इंटरप्ले’ या संस्थेने तयार केला व ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने प्रकाशित केला. ब्रायन फार्गो यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात केन सेंट आंद्रे आणि मायकेल स्टॅकपोल हे कागदावर खेळावयाच्या भूमिकाप्रधान खेळांचे अनुभवी रचनाकार सहभागी होते. सेंट आंद्रे यांचा ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ हा खेळ १९७५ सालचा. म्हणजे या संगणकीय खेळाची मुळे कागद, पेन्सिल आणि फासे यांत होती.

कथानक अणुयुद्धानंतरचे आहे. १९९८ साली जग उद्ध्वस्त झाले, अशी कल्पना करून इसवी सन २०८७ मधील अमेरिकेचा नैर्ऋत्य वाळवंटी प्रदेश त्यात रंगविला आहे. युद्धाच्या वेळी त्या भागात असलेल्या लष्करी अभियंत्यांच्या तुकडीने एक तुरुंग ताब्यात घेऊन तेथे वस्ती केली आणि तिच्या वारसांनी ‘डेझर्ट रेंजर्स’ या नावाने प्रदेशात सुव्यवस्था राखण्याचे काम अंगावर घेतले. खेळणाऱ्याची भूमिका या रेंजरांची आहे. ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. खेळणारा गावकरी नाही, शेतकरी नाही, कैदीही नाही. तो शस्त्रधारी आहे आणि प्रत्येक ठिकाणी बाहेरून येतो.

त्या काळच्या ‘ॲपल टू’ संगणकाच्या चकतीच्या एका बाजूवर सुमारे १४० किलोबाइट इतकाच मजकूर मावत असे. चित्रे, नकाशे व आज्ञावली यांनी ती जागा व्यापल्यावर कथेसाठी फारसे काही उरत नसे. यावर रचनाकारांनी काढलेला तोडगा मोठा मार्मिक आहे. कथेतील लांब उतारे त्यांनी एका स्वतंत्र पुस्तिकेत क्रमांक घालून छापले. विशिष्ट स्थळी पोहोचल्यावर पडद्यावर केवळ ‘अमुक क्रमांकाचा उतारा वाचा’ अशी सूचना येई आणि खेळणाऱ्याने पुस्तिका उघडावयाची. पुस्तिका सलग वाचून कथा आधीच जाणून घेण्याचा मोह कोणालाही होणार, हे ओळखून त्यांनी तिच्यात काही खोटे उतारेही घातले. त्यांतून मंगळ ग्रहाशी संबंधित एक कथानक उभे राहते, जे खेळात कोठेच नाही. ज्याने धीर धरला नाही, तो फसला. कागदपत्रांची छाननी करणाऱ्या कोणाही अभ्यासकाला या युक्तीचे कौतुक वाटावे. बनावट कागद अस्सल कागदाच्या शेजारी ठेवला की अस्सलाची ओळख केवळ संदर्भावरून पटते.

आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. या खेळात जग खेळणाऱ्याच्या कृतींनी बदलत असे आणि तो बदल मूळ चकतीवरच लिहिला जात असे. एखाद्या वस्तीत संहार केला, तर ती वस्ती तशीच राही. यासाठी खेळास आरंभ करण्यापूर्वी चकत्यांच्या प्रती काढून घ्याव्या लागत. प्रत खराब झाली की मूळ चकतीवरून पुन्हा प्रत करून पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

मधली वर्षे

पुढील काळात ‘वेस्टलँड’ या नावाचे हक्क इंटरप्लेकडे नव्हते. परिणामी त्या संस्थेने त्याच धर्तीवर १९९७ साली ‘फॉलआउट’ हा नवा खेळ आणला. षट्कोनी घरांचा पट, प्रत्येक पाळीला मोजके कृतिगुण आणि अणुयुद्धोत्तर कॅलिफोर्निया असे त्याचे स्वरूप होते. १९९८ साली त्याचा दुसरा भाग आला. पुढे ही मालिका ‘बेथेस्डा’ या संस्थेकडे गेली आणि २००८ च्या तिसऱ्या भागात आळीपाळीची रचना मागे पडली. पाळी ऐच्छिक झाली आणि खेळ धावता झाला.

या तिसऱ्या भागाशी भारताचा एक लहानसा संबंध आहे. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००८ मध्ये सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन ‘एक्सबॉक्स ३६०’ वरील त्याची भारतीय आवृत्ती रद्द केली. नेमका आक्षेप कशावर असू शकतो, हे कंपनीने सांगितले नाही. मात्र या मालिकेत किरणोत्सर्गामुळे दोन तोंडे फुटलेल्या गायीसारख्या जनावराला ‘ब्राह्मिन’ असे नाव आहे, याकडे तेव्हाच अनेकांनी बोट दाखविले. आक्षेप घेणारा पुढे येण्यापूर्वीच माघार घेतली गेली. त्यामुळे येथील वाचकाला, खेळणाऱ्याला वा समीक्षकाला त्या नावाविषयी आपले मत मांडण्याची पाळीच आली नाही.

त्याच खेळाच्या २००९ मधील पाच पुरवण्यांपैकी ‘ब्रोकन स्टील’ या पुरवणीने मूळ कथेचा शेवटच बदलला. आधीच्या शेवटानंतर खेळ संपत असे. पुरवणी घेणाऱ्यासाठी कथा पुढे चालू राहिली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे क्षेपकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला, कारण मागाहून घातलेली भर मूळ कर्त्याच्या नावावर खपत होती. संगणकीय खेळात भर घालणारा बहुधा मूळ कर्ताच असतो आणि तो तिचे वेगळे मूल्य आकारतो. तरीही दोन खेळणाऱ्यांच्या हाती एकाच कृतीचे दोन वेगळे शेवट राहतात, ही पाठचिकित्सेची अडचण कायम राहते.

लोकवर्गणी आणि पुनरागमन

फार्गो यांनी २००२ साली ‘इनएक्साइल’ ही संस्था स्थापन केली. आळीपाळीचे खेळ आता कोणी घेत नाही, अशी प्रकाशकांची खात्री झाली होती. मार्च २०१२ मध्ये फार्गो यांनी थेट खेळणाऱ्यांपुढे झोळी पसरली. नऊ लाख डॉलरांची मागणी होती. साठ हजारांहून अधिक लोकांनी मिळून सुमारे २९ लाख डॉलर दिले. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार वर्गणीतून होतो, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल. ‘वेस्टलँड २’ सप्टेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच एक कठीण प्रसंग आहे. पाणी पुरविणारी एक वस्ती आणि अन्न पिकविणारे एक केंद्र एकाच वेळी संकटात सापडतात. एकाच्या मदतीला गेल्यास दुसरे हातचे जाते. तिसऱ्या भागासाठी २०१६ साली पुन्हा वर्गणी झाली. २०१८ साली इनएक्साइल मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली आणि ‘वेस्टलँड ३’ २८ ऑगस्ट २०२० रोजी बाजारात आला.

पोलादनगरीचा संप

‘वेस्टलँड ३’ मध्ये रेंजर बर्फाच्छादित कोलोरॅडोत येतात. तेथे ‘पेट्रिआर्क’ या उपाधीने ओळखल्या जाणाऱ्या सत्ताधीशाची राजवट आहे. आपल्या तीन बंडखोर अपत्यांना जिवंत पकडून आणल्यास तो रेंजरांच्या मूळ प्रदेशाला मदत पाठविणार आहे. हा सत्ताधीश यंत्रे आणि वाहने यांच्या बळावर राज्य करतो. ती यंत्रे कोठे बनतात आणि कोण बनविते, हे मुख्य कथेत प्रत्यक्ष दिसत नाही. ३ जून २०२१ रोजी आलेल्या ‘द बॅटल ऑफ स्टीलटाउन’ या पुरवणीने तो पडदा दूर केला. पोलादनगरीतील कारखान्यांत काम थंडावले आहे, माल वेळेवर पोहोचत नाही, कामगार संपावर आहेत. चौकशी करून गाडी रुळावर आणण्यासाठी रेंजरांना धाडले जाते.

या पुरवणीने खेळाच्या नियमांतही भर घातली. जीव न घेता समोरच्याला नामोहरम करणारी शस्त्रे तीत प्रथम आली. मूळ खेळात पट मोकळा करणे म्हणजे बहुधा समोरच्यांना ठार करणे. संपकऱ्यांशी गाठ पडल्यावर तो नियम अपुरा पडतो, हे रचनाकारांच्या ध्यानात आले असावे. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या ‘कल्ट ऑफ द होली डिटोनेशन’ या दुसऱ्या पुरवणीत अणुस्फोटालाच देव मानणारे पंथ आहेत. कल्पना रंजक आहे, परंतु सामाजिक आशयाच्या दृष्टीने ती पोलादनगरीच्या बरोबरीला येत नाही.

पुरवणीची जागाही पाहण्यासारखी आहे. ती मुख्य कथेच्या पोटात बसविलेली आहे. कथा एकदा शेवटास नेली की मागील जतन केलेल्या टप्प्यावर परतल्याखेरीज पोलादनगरीत जाता येत नाही. ज्याने पुरवणी घेतली नाही, त्याच्या कोलोरॅडोत तो संप झालेलाच नाही. आणि ज्याने घेतली, त्याच्याही हाती पाळी आहे ती रेंजराची. वाटाघाट करावी, मालकाची बाजू घ्यावी की कामगारांची, हे तो ठरवितो. कामगार मात्र त्याच्या निर्णयाची वाट पाहत उभा राहतो. संपाला कथेत जागा मिळाली, संपकऱ्याला भूमिका मिळाली नाही. पुरवणीची उंची मान्य करूनही हा तिचा दोष सांगावाच लागतो.

चिरनेरच्या बाजूने पाहता

पनवेल-उरण परिसरातील वाचकाला हा प्रसंग परका नाही. १९३० च्या सविनय कायदेभंगाचा इतिहास सामान्यतः ६ एप्रिलच्या दांडीपासून सुरू होतो. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्रकिनारा हवा. आतल्या भागात त्याची जागा जंगल सत्याग्रहाने घेतली. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे त्याचे नेतृत्व केले. पाठ्यपुस्तकांत जंगल सत्याग्रह बहुधा मिठाच्या प्रकरणाला जोडलेल्या एखाद्या परिच्छेदात येतो. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जे घडले, ते अशा परिच्छेदातील एखाद्या ओळीवर भागविले जाते.

परंतु गवत, लाकूडफाटा आणि गुरांची चराई यांवर ज्यांचे घर चालत होते, त्या आगरी, कोळी, कातकरी कुटुंबांच्या दृष्टीने जंगलाचा कायदा हाच मुख्य विषय होता. त्यांच्यासाठी तो मिठाला जोडलेला परिच्छेद नव्हता. कोयते घेऊन रानात शिरलेल्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला. नाग्या महादू कातकरी व त्यांचे सहकारी हुतात्मा झाले. त्या धुमश्चक्रीत मामलेदारही मारले गेले. खेळाच्या परिभाषेत मामलेदाराची भूमिका रेंजराची आहे, कारण तोही सुव्यवस्थेसाठी बाहेरून पाठविलेला अधिकारी होता. सरकारी कागदपत्रांतून चिरनेरची हकिकत रचू गेल्यास कथा याच भूमिकेतून उलगडत जाते. त्यात जमाव ‘जमतो’, ‘चिथावला जातो’, ‘पांगविला जातो’. या क्रियापदांत गावकऱ्याची स्वतःची खेळी कोठेच नसते.

याच तालुक्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला व पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पुढे आले. तेथे मागणी मांडणारा, वाटाघाटीला बसणारा आणि प्रसंगी उठून जाणारा पक्ष शेतकऱ्यांचाच होता. पोलादनगरीच्या रचनाकारांनी कामगाराला अशी एक पाळी दिली असती, तर पुरवणीच्या शेवटांची संख्या वाढली असती आणि रेंजराला अनेकदा नुसते थांबून पाहावे लागले असते. आळीपाळीच्या खेळाच्या नियमांत ते सहज बसणारे होते.

चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापाशी दर वर्षी २५ सप्टेंबरला मानवंदना दिली जाते. तेथे उच्चारली जाणारी नावे रानात गेलेल्या गावकऱ्यांची आहेत.