बेसीची सोळा मिनिटे

गवई जातो, तबकडी मागे उरते. पण गाताना त्याची मुद्रा कशी होई, ते तबकडी सांगत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ हिच्या बाबतीत मात्र काळाने थोडी दया दाखविली. डब्ल्यू. सी. हँडी यांच्या १९१४ सालच्या ‘सेंट लुई ब्लूज’ या गीतावरून डडली मर्फी या गोऱ्या दिग्दर्शकाने १९२९ साली सुमारे सोळा मिनिटांचा बोलपट काढला. बेसी पडद्यावर आली ती या एकाच चित्रपटात.

कथा जुनीच. जुगारी प्रियकर तिला टाकून जातो. परत येतो तोही गोडीगुलाबीने तिचे पैसे लांबविण्यासाठी. गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांविषयी मनाशी बांधलेले सारे ठोकताळे येथे आहेत. पण मद्यालयात उभी राहून बेसी सूर लावते, भोवतालचा गायकवृंद तिला साथ देतो, आणि वाचकहो, ते ठोकताळे आपण विसरून जातो. समोर दिसते ती दुखावलेली एक बाई.

१९३७ साली मोटार-अपघातात बेसी गेली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला १९७० साल उजाडले. मधली तेहतीस वर्षे थडगे मुकेच होते. तिचा चेहरा आणि सूर मात्र या फितीने एकत्र सांभाळून ठेवले होते.