उंचीची किंमत : जुहूच्या धावपट्टीवरून

विलेपार्ले आणि अंधेरीच्या पश्चिमेला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जुहूचा विमानतळ आहे. आज तेथे मुख्यतः हेलिकॉप्टरांची ये-जा असते. परंतु १९२८ साली सुरू झालेला हा तळ म्हणजे भारतातील नागरी विमानवाहतुकीचे पाळणाघर होय. त्याच वर्षी बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना.

जुहूची धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे. येथून उडणारे एक-दोन आसनांचे छोटे विमान किती उंच जाऊ शकेल? त्याला अडवते ते काय? विद्यार्थी चटकन म्हणतील, 'गुरुत्वाकर्षण'. गुरुत्वाकर्षण तर दहा मीटरांवर जेवढे असते, जवळजवळ तेवढेच दहा किलोमीटरांवरही असते. खरे उत्तर शोधायचे तर या धावपट्टीच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून टपालाची थैली घेऊन उड्डाण केले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले. विमान होते 'पस मॉथ'. एक इंजिन, सुमारे १२० अश्वशक्ती. पुढचा प्रवास नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केला. त्यांनी ते टपाल बेळ्ळारीमार्गे मद्रासला पोहोचवले. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा हा आरंभ. पावसाळ्यात जुहूची जमीन पाण्याखाली जाई. तेव्हा ही विमाने मुंबईऐवजी पुण्याहून ये-जा करीत. या मार्गावर सह्याद्री आडवा येतो. त्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. पस मॉथची उंचीची मर्यादा १७,५०० फूट (सुमारे ५,३०० मीटर) सांगितली जाते. म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून अधिक!

पण 'मर्यादा' या शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ. ज्या उंचीवर विमानाचा वर चढण्याचा वेग मिनिटाला फक्त १०० फूट उरतो, तिला ही मर्यादा म्हणतात. तेथे विमानाला कोणी अडवत नाही. त्याची ताकदच संपत आलेली असते.

ही ताकद संपते कशी? इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. ते पेट्रोल आणि हवा या दोहोंवर चालते. प्रत्येक फेऱ्यात सिलिंडर ठरावीक आकारमानाची हवा ओढून घेतो. वर जावे तशी हवा विरळ होते आणि तेवढ्याच आकारमानात प्राणवायू कमी येतो. समुद्रसपाटीशी हवेचा दाब सुमारे १,०१३ मिलिबार असतो. ३,००० मीटरांवर तो ७०० होतो आणि घनता ७४ टक्क्यांवर येते. ५,५०० मीटरांवर दाब निम्मा उरतो. त्यामुळे १२० अश्वशक्तीचे इंजिन ३,००० मीटरांवर साधारण ८५ अश्वशक्तीचे होते आणि ५,५०० मीटरांवर जेमतेम ६० चे. हवा कमी झाली की पेट्रोलही त्या मानाने कमी करावे लागते. नाही तर मिश्रण दाट होऊन इंजिन गुदमरते. जादा हवा कोंबणारा पंप जोडला तर हे नुकसान बरेच टळते, पण त्याचे वजन आणि किंमत छोट्या विमानाला सहसा परवडत नाही.

इंजिनाप्रमाणेच वैमानिकही हवेवर चालतो. त्याच्या बाबतीत धोका अधिक फसवा असतो. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरांच्या वर गेले. सोबत प्राणवायूच्या पिशव्या होत्या. वेळ आली तेव्हा मात्र त्या तोंडाशी नेण्याएवढीही शक्ती हातांत उरली नव्हती. क्रोसे-स्पिनेल्ली आणि सिव्हेल मरण पावले. तिसरे तिसांदिए वाचले. पुढे त्यांनी लिहिले की त्या अवस्थेत त्रास तर होत नव्हताच, उलट मनाला एक प्रकारचा आनंद वाटत होता. शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या ग्रंथात यामागचे कारण प्रयोगांनिशी मांडले. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वरही २१ टक्केच असते, पण एकूण दाब घटल्याने प्राणवायूचा दाबही घटतो आणि रक्तात तो पुरेसा उतरत नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला की सर्वांत आधी जाते ती विवेकबुद्धी, म्हणजे 'आपले काहीतरी चुकते आहे' हे ओळखण्याची शक्ती. म्हणूनच साधारण १०,००० फुटांच्या वर काही काळ राहायचे असेल, तर 'मला बरे वाटते आहे' या भावनेवर न विसंबता प्राणवायू घेण्याचा नियम वैमानिकांना पाळावा लागतो.

एवढे धोके असताना वर जायचेच कशाला? उंची ही छोट्या विमानाची ठेव असते. इंजिन बंद पडले तरी विमान दगडासारखे कोसळत नाही. ते घसरत, तरंगत खाली येते. चांगले पंख असलेले हलके विमान एक किलोमीटर उंची गमावताना पंचवीस किलोमीटरही पुढे जाऊ शकते. जेवढी उंची अधिक, तेवढे अंतर अधिक आणि विचार करायला वेळही अधिक. शिवाय विरळ हवेत विरोध कमी असतो. खाली ताशी १०० किलोमीटर दाखवणारा वेगमापक ३,००० मीटरांवरही १०० दाखवत असेल, तर विमानाचा खरा वेग सुमारे ११६ असतो.

ठेव आणि किंमत यांचा हा हिशेब २०१९ साली बोरिवलीच्या आरोही पंडित यांना करावा लागला. त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या विद्यार्थिनी. 'माही' या हलक्या विमानातून त्यांनी मे महिन्यात एकटीने अटलांटिक महासागर पार केला. अशा प्रकारच्या विमानातून हे करणारी ती जगातील पहिली महिला. वय २३, इंजिन ८० अश्वशक्तीचे. स्कॉटलंडमधून निघून आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत त्या कॅनडात उतरल्या. वाटेत ग्रीनलंडचा हिमस्तर लागतो. मध्यभागी तो ३,००० मीटरांहून उंच आहे. खाली बर्फ, वर ढग. ढगात शिरले तर पंखांवर बर्फ साचण्याची भीती, आणि आणखी वर जावे तर इंजिनाची शक्ती घटलेली.

तेथे आणखी एक सापळा असतो. विमानातील उंचीमापक म्हणजे मूलतः वायुभारमापकच. तो दाब मोजतो आणि उंची सांगतो. सुमारे साडेआठ मीटर वर गेले की दाब एक मिलिबारने घटतो. समजा, १,०१३ मिलिबारला जुळवलेला उंचीमापक घेऊन आपण ९८० मिलिबारच्या वादळी प्रदेशात शिरलो. उत्तर अटलांटिकमध्ये असा दाब नवलाचा नाही. फरक ३३ मिलिबारचा. उंचीमापक जवळजवळ २८० मीटर जास्त उंची दाखवील! ढगाआड बर्फाचा डोंगर असेल, तर ही चूक जिवावर बेतणारी ठरते. म्हणून वैमानिक प्रत्येक टप्प्यावर स्थानिक दाब विचारून काटा जुळवून घेतात.

याहूनही वर जायचे असेल तर स्वतःची हवा सोबत न्यावी लागते. २६ नोव्हेंबर २००५ रोजी विजयपत सिंघानिया यांनी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून उड्डाण केले आणि २१,०२७ मीटर उंची गाठून विक्रम केला. तेथे हवेचा दाब जमिनीवरच्या पाच टक्क्यांहून कमी. एवढ्या कमी दाबाला पाणी शरीराच्या तापमानालाच उकळते. सिंघानिया बंदिस्त, दाबयुक्त कुपीत बसले होते, म्हणूनच सुखरूप परतले.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित यांनी टाटांच्या त्या उड्डाणाची आठवण म्हणून 'माही'तून भूजहून अहमदाबादमार्गे जुहू गाठले. जीपीएस किंवा स्वयंचालित यंत्रणा न वापरता, आणि ७,००० फुटांच्या वर न जाता. ग्रीनलंडच्या बर्फावरून विमान नेलेल्या वैमानिकाला एवढ्याने भागते, कारण कच्छ ते कोकण या वाटेत त्याहून उंच डोंगर नाही. या उंचीवर प्राणवायूची वेगळी सोय लागत नाही आणि इंजिनाची सुमारे चार-पंचमांश शक्ती हाती राहते.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना एक गणित जरूर द्यावे. वायुभारमापक शाळेच्या तळमजल्यावर आणि मग गच्चीवर न्यायचा. दाबमापकाची सोय असलेला मोबाइलही चालेल. दाबातील फरकाला साडेआठने गुणले की इमारतीची उंची मीटरमध्ये मिळते. तेच वाचन दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे. तळमजल्याचाच दाब बदललेला आढळेल. इमारत मात्र तेवढीच! काटा का जुळवून घ्यावा लागतो, हे मग वेगळे सांगावे लागणार नाही.